पहिला प्रश्न कारमाइनचा

आमच्या गावात ताटलीतली शेवटची वडी कोणी उचलत नाही. उचलली तर माणूस हावरा ठरतो. मग एक जण सुरीनं तिचे दोन भाग करतो आणि अर्धा घेतो, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा करतो, आणि सगळे घरी गेले तरी नखाएवढा तुकडा ताटलीत उरलेलाच असतो. पहिल्या रांगेत बसायचं नाही, पहिल्यांदा तोंड उघडायचं नाही, शेवटचा घास घ्यायचा नाही, एवढं इथल्या पोराला बोलायला यायच्या आधी कळतं. मी सदुसष्ट वर्षं हे पाळत आले. त्यातली अडतीस पोस्टाच्या खिडकीमागे गेली, त्यामुळे बाकीचे किती पाळतात तेही मला चांगलं ठाऊक आहे.

अशा गावात आर्लिसला लेखक बोलवायची हौस आली.

आर्लिस माझ्याच वर्गातली. तिचे वडील सरोवरावर जाळी टाकायचे, माझेही. ती शाळेच्या वाचनालयात नोकरीला होती. गावातली मुलं कमी झाली तशी शाळेनं आधी वाचनालय बंद केलं आणि चार वर्षांनी शाळाच. आर्लिसनं पोस्टाशेजारची रिकामी जागा घेतली. तिथं आधी मासेमारीचं आमिष विकायचे, त्यामुळे पहिली दोन वर्षं तिच्या पुस्तकांना गांडुळांच्या मातीचा वास यायचा. पुस्तकं, लोकर, सरोवराचे नकाशे, उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी भेटकार्डं, असं ते दुकान. मागच्या खोलीत ती गावातल्या बायकांची जलरंगातली चित्रं लावायची, हिवाळ्यात कधी अकॉर्डियन वाजवणारा बोलवायची. पण तिचा जीव होता तो लेखकांच्या रविवारांत. महिन्यातून एकदा, दुपारी दोन वाजता, घडीच्या खुर्च्या, कॉफी आणि लिंबाच्या वड्या.

पहिला लेखक आला त्याला आता बावीस वर्षं झाली. पाणपक्ष्यांवर लिहिणारा साधा माणूस, चार तास गाडी चालवत आला होता. पाऊण तास छान बोलला. मग म्हणाला, "कोणाला काही विचारायचंय?" आम्ही चौदा जण होतो. चौदाही जणांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. तो थांबला, हसला, पुन्हा थांबला. शेवटी पिशवी उचलून निघून गेला. तो गेल्यावर आम्ही सगळ्यांनी आर्लिसला सांगितलं की फारच सुंदर झालं, असा माणूस पुन्हा बोलव. आर्लिस मागच्या खोलीत जाऊन लोकरीच्या खोक्यांवर बसून रडली. हे मला माहीत आहे कारण मी शौचालय शोधत तिकडे गेले होते, आणि बघून न बघितल्यासारखं करून परत आले. आमच्याकडे यालाच समंजसपणा म्हणतात.

तिचा नवरा कारमाइन मात्र समंजस नव्हता. तो इथला नव्हताच. न्यू जर्सीचा इटालियन, सैन्यातल्या मित्राबरोबर मासे धरायला आला आणि आर्लिसला बघून राहिला. बॉयलर दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं इथं राहून त्याचा आवाज काही बसला नाही. तळघरात काम करत असला तरी वरच्या मजल्यावर कळायचं की नटबोल्टाला शिव्या घालतोय. त्या रविवारी तो दारात उभा राहून म्हणाला, "तुम्ही माणसं आहात की मासे? माणूस एवढ्या लांबून येतो आणि तुम्ही त्याला नुसते डोळे दाखवता?"

ऑर्विन शाळेची बस चालवायचा. तो म्हणाला, "आम्हाला आवडलं की."

"मग सांग ना त्याला, माझ्या बायकोला काय सांगतोस."

ऑर्विन टोपीची कड चाचपत राहिला.

पुढच्या महिन्यात कारमाइन दुपारी दोनला अंघोळ करून आला आणि पहिल्या रांगेत मधोमध बसला. आयुष्यात त्यानं सटरफटर कॅटलॉगांखेरीज काही वाचलं नव्हतं. लेखिकेचं बोलणं संपलं, सगळे बुटांकडे बघायला लागले, तेवढ्यात त्यानं हात वर केला आणि विचारलं, "हे लिहायला किती दिवस लागले?"

ती म्हणाली, "पाच वर्षं."

"पाच वर्षं," कारमाइन म्हणाला. "बाई, आपल्याच्यानं नसतं झालं हे."

लोक हसले. हसल्यावर ऑर्विननं विचारलं की त्या गोष्टीतली बस कुठल्या बनावटीची. मग सगळ्यांचीच तोंडं उघडली आणि त्या बाईला निघायला साडेचार वाजले. शेवटची वडी कारमाइननं अख्खी उचलून खाल्ली.

तेव्हापासून ती रीतच पडली. बावीस वर्षं, कवी असो, स्वयंपाकाचं पुस्तक लिहिणारी असो की दीपगृहाचा इतिहास लिहिणारा, पहिला प्रश्न कारमाइनचा, आणि तोच. कोणी आठ महिने म्हणालं तर तो म्हणायचा, घाई केलीत. दीपगृहवाल्यानं एकतीस वर्षं सांगितली तेव्हा उठून त्याच्याशी हात मिळवून आला. आम्ही त्याची टिंगल करायचो. पण दुसरा प्रश्न विचारायला आमच्यात जी हिंमत यायची ती त्याच्या पहिल्यामुळे, हे आम्हाला कळलेलं नव्हतं. मी तर बावीस वर्षांत दुसराही विचारला नाही आणि दहावाही नाही.

जानेवारीत कारमाइन चर्चच्या तळघरात बॉयलर उघडून बसला होता तिथंच गेला. हृदय. दुपारी साडेतीनला पाद्रीणबाई त्याला कॉफी द्यायला खाली उतरल्या तेव्हा पाना त्याच्या हातात होता. अंत्यविधी त्याच चर्चमध्ये झाला आणि आम्ही सगळे कोट घालून बसलो, कारण बॉयलर अर्धा उघडलेला होता आणि तो नीट करणारा माणूस पेटीत होता. कारमाइन असता तर यावर पोट धरून हसला असता. आम्ही कोणी हसलो नाही. आर्लिस पहिल्या रांगेत बसली होती, सरळ, हात मांडीवर ठेवून. रडली नाही.

नंतरही रडली नाही. मंगळवारी दुकान उघडलं. लोक आत यायचे, म्हणायचे, "फार वाईट झालं." ती म्हणायची, "हो ना," आणि त्यांचं पुस्तक कागदात बांधून द्यायची. शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या जेवणाची भांडी तिनं घासून, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी बघून, ज्याची त्याला परत केली. माझं भांडं द्यायला आली तेव्हा मी विचारलं, "जेवतेस ना?"

"जेवते."

"झोप?"

"झोपते की."

"मग बरी आहेस."

"बरीच आहे, आइली. काही वाटतच नाही. दाढेत सुई मारल्यावर गाल कसा होतो, तसं सगळं."

मी भांडं चांगलं घासल्याबद्दल आभार मानले.

मार्चचा रविवार आधीच ठरलेला होता. मिनियापोलिसहून टेसा ब्रॅनिगन नावाची लेखिका यायची होती, तिची पहिलीच कादंबरी. तारीख नोव्हेंबरात कारमाइनसमोरच ठरली होती. फेब्रुवारीच्या शेवटी आर्लिस मला म्हणाली, "हा करते. मग बघते."

"म्हणजे?"

"म्हणजे हा करून बघते. पहिला प्रश्न कोण विचारणार?"

मी म्हणाले, "होईल काहीतरी."

आता इथल्या माणसानं असं विचारणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. आम्ही लोक घराला आग लागली तरी शेजाऱ्याला सांगतो की आज जरा उबदार आहे. आर्लिसनं माझ्याकडे मदत मागितली होती. तिला जेवढं मोठ्यानं येतं तेवढ्या मोठ्यानं मागितली होती. मला वाटलं, बिचारी आठवण काढतेय.

आणि वर मी शहाणपणा केला. चर्चच्या स्वयंपाकघरात कप विसळताना मीच ऑर्विनला म्हणाले, "पहिला प्रश्न कारमाइनचा असायचा. या वेळी तो कोणी घ्यायचा नाही. त्याची पाळी रिकामी ठेवायची."

ऑर्विनला ते फार पटलं. "मान म्हणून," तो म्हणाला.

"मान म्हणून. त्याची खुर्चीसुद्धा."

"मी त्याची टोपी आणतो. माझ्या बसमध्ये राहिली होती."

"आर्लिसला सांगायचं नाही हं. उगाच तिला अवघडल्यासारखं होईल."

दोन दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक झालं. आर्लिस आणि ती लेखिका सोडून.

त्या रविवारी मी एक वाजताच दुकानात पोचले, खुर्च्या मांडायला. बाहेर रात्रभर पडलेला बर्फ दारापाशी हातभर साठला होता, तो ऑर्विन उपसत होता. आर्लिस कॉफीचं मोठं पिंप टेबलावर सरकवत होती. सरकवून ती वड्या मांडायला वळली तेव्हा मला तिचा तळहात दिसला. अंगठ्याखाली बोटभर लांब लाल पट्टा उठला होता आणि त्याच्या कडेला पाणी धरायला लागलं होतं.

"आर्लिस, पोळलंय तुला."

तिनं हात उलटा करून बघितला. "हो का," म्हणाली, आणि वड्या मांडत राहिली.

"बर्फ लाव."

"दुखत नाहीये."

त्रेचाळीस माणसं आली. एवढी कधीच आली नव्हती. मागं उभी राहिली, नकाशांच्या कपाटाला टेकली, पण पहिली रांग नेहमीसारखी मोकळी. मधल्या खुर्चीवर कारमाइनची लोकरी टोपी. आर्लिसनं ती बघितली. कागद बघून टेसाची ओळख करून दिली, लिफाफ्यावरचा पत्ता वाचावा तशी, आणि कॉफीच्या टेबलापाशी जाऊन सुरी हातात घेऊन उभी राहिली.

टेसा पस्तिशीची असेल, बारीक, घशाला सतत कोरड पडणारी. एका नावाड्याच्या दोन मुलींची गोष्ट होती. तिनं त्यातली बारा पानं वाचली. मला खरंच आवडली. धाकटी बहीण बापाचे बूट घालून गोठलेल्या पाण्यावर चालत जाते तिथं माझ्या शेजारच्या बाईनं नाक पुसलं. वाचून झाल्यावर टेसानं पुस्तक मिटलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "कोणाला काही विचारायचंय का?"

आम्ही सगळ्यांनी टोपीकडे बघितलं.

पहिलं मिनिट चांगलं गेलं. मला तर भरून आलं, अख्खं गाव एका माणसासाठी गप्प बसलंय म्हणून. टेसा हसून वाट बघत होती. मग माझ्या लक्षात आलं की ही शांतता किती वेळ ठेवायची ते आपण ठरवलेलंच नाही. आणि संपवायची कोणी, तेही नाही. पहिला प्रश्न कोणी घ्यायचा नव्हता, म्हणजे जो आता बोलेल तो पहिलाच. दुसरा कोण होणार?

मी ऑर्विनकडे बघितलं. ऑर्विन माझ्याकडे बघत होता. मी भुवया उडवल्या, त्यानं उडवल्या. पाद्रीणबाई छताकडे बघत होत्या. भिंतीवरचं घड्याळ वाजत नाही, नुसता काटा सरकतो. तो तीन घरं सरकला. टेसाच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. "मला माहीत आहे," ती म्हणाली, "जरा संथ आहे पुस्तक." तरी कोणी बोललं नाही. तिनं पुस्तक पिशवीत घातलं.

मला बोलायचं होतं, शपथेवर सांगते. तोंड उघडलंसुद्धा. पण सदुसष्ट वर्षांची सवय घशात आडवी बसली. मी आर्लिसकडे बघितलं. तिचा चेहरा तसाच होता, तरी ती आम्हा एकेकाकडे बघत होती, पहिल्या खुर्चीपासून शेवटच्यापर्यंत, आणि माझ्यावर येऊन थांबली. मी बुटांकडे बघितलं.

सुरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आर्लिस खुर्च्यांमधून पुढं गेली. टोपी उचलली, त्या खुर्चीवर बसली, टोपी मांडीवर घेतली आणि कोरड्या आवाजात विचारलं, "हे लिहायला किती दिवस लागले?"

टेसानं वर बघितलं. बुडत्याला दोर मिळावा तसं तिचं तोंड झालं. "सात वर्षं. म्हणजे पाच धरा. मधली दोन मी काही लिहिलंच नाही."

आता कारमाइनचं पुढचं वाक्य, आपल्याच्यानं नसतं झालं हे, सगळ्यांना पाठ होतं. ऑर्विनचे ओठ तर हललेसुद्धा. आर्लिस ते म्हणाली नाही. पाठमोरीच म्हणाली, "आइली, दुसरा प्रश्न तुझा."

मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती. त्रेचाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझ्याजवळ प्रश्न नव्हता. जे आलं ते विचारलं. "मधली दोन वर्षं काय करत होतात?"

"काही नाही," टेसा म्हणाली. "माझा भाऊ गेला होता. लोकांना वाटायचं, टेबलापाशी बसलीय म्हणजे लिहितेय. मी नुसती बसायचे. भांडी घासायचे. आईला फोनवर सांगायचे, बरी आहे."

"आणि मग?" हे आर्लिसनं विचारलं.

"मग कसं सुरू झालं ते मला खरंच सांगता येत नाही. बरं वाटलं म्हणून नव्हे. उलट तेव्हा जास्त वाईट वाटायला लागलं."

आर्लिसनं मान हलवली. ऑर्विननं खाकरून विचारलं की ती नाव लाकडी होती की लोखंडी. मग पाद्रीणबाई, मग माझी शेजारीण. टेसा पावणेपाचला निघाली. तिची आठ पुस्तकं होती, आठही संपली.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या मिटवायला थांबले. आर्लिस मोकळे कप गोळा करत होती. मी दोनदा घसा साफ केला.

ती म्हणाली, "मुद्दाम गप्प बसलात ना?"

"हो."

"कोणाची अक्कल?"

"माझी. मान म्हणून, आर्लिस. त्याची पाळी रिकामी ठेवायची म्हणून."

तिनं कप एकात एक घातले. "मी तिथं उभी होते," ती म्हणाली, "आणि मला वाटलं, तो गेला तो गेला, तुम्हीही सगळे गेलात. नुसते कोट बसलेत खुर्च्यांवर."

मला तोंड कुठं लपवू असं झालं. "चुकलं माझं," मी म्हणाले. हे शब्द मी यापूर्वी कधी म्हटल्याचं आठवत नाही. पोस्टात असताना तर नाहीच.

"एप्रिलमध्ये तो मधमाश्यांवर लिहिणारा येतोय," ती म्हणाली. "कळवते त्याला, नको म्हणून."

"येऊ दे. पहिला प्रश्न मी विचारते."

"तू."

"मी."

"कुठं बसून?"

"तिसऱ्या रांगेत. तिथूनही ऐकू येतं."

आर्लिसनं पहिल्या रांगेकडे बघितलं.

"बरं, पहिल्या," मी म्हणाले.

टेबलावर ताटली होती. तिच्यात नेहमीसारखा शेवटच्या वडीचा तुकडा, चौथ्यांदा अर्धा केलेला, कडा सुकलेल्या. मी तो उचलला आणि तोंडात टाकला. पिठूळ लागला. आर्लिस माझ्या चावणाऱ्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं हातातले कप खाली ठेवले आणि खुर्चीवर बसली, तळहात वर करून. पट्ट्यावर आता मोठा फोड आला होता.

"दुखतंय," ती म्हणाली.

"हात?"

"हातसुद्धा."

तिच्या गालावरून पाणी यायला लागलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. या वेळी मी न बघितल्यासारखं केलं नाही. टेबलावरची रिकामी ताटली घेतली आणि बर्फ आणायला दाराकडे गेले. तो तिथंच होता, ऑर्विननं उपसून बाजूला ढीग केलेला.